पोटखराब जमिनीवरची नवी नावं

राजापूर तालुक्यातल्या आमच्या घरामागची चढण चढलं की सडा, म्हणजे कातळाचं सपाट पठार, लागतो. मे महिन्यात तिथे उभं राहिलं तर चपलेच्या तळव्यातून चटका बसतो. काळपट जांभा, त्याच्या खाचांत करपलेलं गवत, लांबवर एखादी करवंदाची जाळी, बाकी नुसतं आभाळ. सातबाऱ्यावर या तुकड्यापुढे 'पोटखराब', म्हणजे लागवडीला निरुपयोगी, असं लिहिलंय. लहानपणी मला वाटायचं, ही जमीन आजारी आहे.

मृगाचे चार-सहा पाऊस झाले की हाच सडा ओळखू येत नाही. कातळातल्या बशीएवढ्या, परातीएवढ्या खळग्यांत पाणी भरतं आणि रात्री तिथे बेडकांचा असा कल्ला असतो की शेजारी उभ्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. अशाच एका रात्री गडग्याचा ढासळलेला चिरा उचलला, तर खाली वीतभर लांबीचं काहीतरी वळवळलं. जांभळट तपकिरी, ओलं, अंगभर बारीक वळ्या. डोकं कुठलं आणि शेपूट कुठली ते कळेना. बॅटरी अगदी जवळ धरली तेव्हा कातडीखाली दडलेले दोन ठिपके दिसले. ते डोळे होते. काका मागून म्हणाले, "सापाचं पिल्लू आहे, ठेचून टाक." पण ते ना साप होतं, ना गांडूळ. ते होतं देवगांडूळ, बेडकांचं बिनपायाचं भावंड. आम्ही चिरा होता तसा ठेवून दिला.

रत्नागिरी जिल्ह्यातल्याच दोरले गावच्या एका देवगांडुळाला २००३ मध्ये शास्त्रीय नाव मिळालं, गेगेनिओफिस शेषाचारी. म्हणजे कोकणात माणसं शतकानुशतकं नांगरट करताना जो प्राणी उकरून काढत होती आणि साप समजून मारत होती, त्याची एक जात विज्ञानाच्या वहीत या शतकात लिहिली गेली. आमच्या चिऱ्याखालचा प्राणी त्याच जातीचा की वेगळ्या, हे छातीठोकपणे सांगू शकणारी माणसं या राज्यात हाताच्या बोटांवर मोजावी लागतील. मला बोलायचंय ते याच गोष्टीबद्दल.

प्राण्याला नाव देणं हे जमीन मोजणीइतकंच सार्वजनिक काम आहे, असं माझं ठाम मत आहे. मोजणी झालेली नसली की जमिनीच्या वादात आपण उभे राहू शकत नाही. प्राण्याचंही तसंच आहे. ज्याची नोंद नाही तो कागदावर नाही, आणि जो कागदावर नाही त्याच्या घरावर जेसीबी चालवायला कुणाची परवानगी लागत नाही. असं असूनही आपण ही नोंद अभ्यासकांच्या हौसेवर सोडून दिली आहे.

काम किती बाकी आहे ते पाहा. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार पृथ्वीवर सुमारे ८७ लाख प्रजाती असाव्यात, आणि त्यांपैकी ८६ टक्क्यांना अजून नावच मिळालेलं नाही. स्वीडनच्या लिनियस या शास्त्रज्ञाने प्राण्यांना दोन शब्दी नावं द्यायची पद्धत १७५८ मध्ये रूढ केली, त्याला अडीचशेहून अधिक वर्षं झाली तरी ही स्थिती. आपल्याकडे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने २०२४ मध्ये देशातल्या प्राण्यांची यादी जाहीर केली. तिच्यात १,०४,५६१ प्रजाती आहेत. २०२३ या एका वर्षात भारताच्या यादीत ६४१ प्राण्यांची भर पडली. त्यातले ४४२ जगालाच नवे होते आणि १९९ भारतात पहिल्यांदा नोंदले गेले. ही कामगिरी मोठीच आहे. पण अशी बातमी आली की आपण फोटो पाहतो, 'वा' म्हणतो आणि पान उलटतो. तो प्राणी राहतो त्या जागेचं पुढे काय झालं, हे सहसा कुणी विचारत नाही.

नोंद किती जपून करावी लागते, याची महाराष्ट्रातली सगळ्यात मोठी गोष्ट रानपिंगळ्याची आहे. हा वीतभर उंचीचा घुबडाच्या कुळातला पक्षी. १८७२ मध्ये आजच्या छत्तीसगडच्या भागात ब्लूइट या संग्राहकाला तो मिळाला आणि पुढच्या वर्षी पक्षितज्ज्ञ ह्यूम यांनी त्याला ब्लूइट यांचं नाव दिलं. १८८० च्या दशकात खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने शहादा-तळोदा भागातून त्याचे काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर पक्षी दिसेनासा झाला. संग्रहालयांत मात्र एक नमुना असा होता ज्याच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, गुजरातमधलं मांडवी, ऑक्टोबर १९१४, गोळा करणारे रिचर्ड माइनर्ट्झहागन, एक ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षिसंग्राहक. साहजिकच सगळ्यांना वाटलं की पक्षी १९१४ पर्यंत तरी होता आणि गुजरातेत होता.

ती चिठ्ठी खोटी होती. माइनर्ट्झहागन यांनी संग्रहालयातूनच डेव्हिडसन यांचा एक पक्षी उचलला, उसवून पुन्हा भरला आणि आपल्या नावाची चिठ्ठी बांधली. पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी नमुने बारकाईने तपासून ही चोरी उघडी पाडली. खोटी नोंद बाजूला सारून त्यांनी खऱ्या नोंदी हाती घेतल्या, आणि बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट यांच्यासह त्या जिथून पक्षी खरोखर मिळाला होता त्या मुलखात गेल्या. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी शहाद्याजवळच्या जंगलात एका निष्पर्ण झाडावर रानपिंगळा बसलेला होता, तोही दिवसाउजेडी. एकशे तेरा वर्षं 'नाहीसा' असलेला पक्षी.

ही गोष्ट आपल्याकडे चमत्कार म्हणून सांगितली जाते. मला त्यात चमत्कार दिसत नाही, मला एका चिठ्ठीची किंमत दिसते. एका माणसाने चार शब्द खोटे लिहिले आणि शोधणाऱ्यांची वाट चुकली. त्या मधल्या काळात सातपुड्याच्या पायथ्याचा साग किती तुटला असेल! रानपिंगळा 'आहे' असं माहीत असतं तर त्या जंगलाच्या बाजूने बोलायला एक कारण हाताशी असतं. पुढे मेळघाटात, मध्य प्रदेशात त्याचे ठिकठिकाणी पत्ते लागले. २०१४ मध्ये तर तो मुंबईला पाणी देणाऱ्या तानसाच्या अभयारण्यात सापडला. धोक्यातल्या जिवांच्या जागतिक लाल यादीत तो 'अतिसंकटग्रस्त' होता, २०१८ मध्ये एक पायरी खाली येऊन 'संकटग्रस्त' झाला. पक्षी अचानक वाढले म्हणून हे झालं नाही. माणसं कुठे पाहायचं ते शिकली आणि पाहत राहिली, म्हणून झालं.

आता परत आमच्या सड्याकडे येतो, कारण खरी चूक इथे घडते आहे.

खाणीसारखा मोठा प्रकल्प यायचा असेल तर पर्यावरण आघात मूल्यांकन करावं लागतं. हवा, पाणी, माती, झाडं, प्राणी या सगळ्यांची सद्यस्थिती त्यात नोंदवायची असते. खाणींसाठीच्या ठरलेल्या अटी वाचल्या तेव्हा मी एका शब्दावर थांबलो. ही माहिती एका हंगामात गोळा करायची आणि तो हंगाम पावसाळा सोडून असावा. हवेतल्या धुळीसाठी हे समजू शकतं, पावसात धूळ बसते. पण सह्याद्रीतल्या आणि कोकणातल्या जिवांसाठी? इथला बेडूक पावसात बोलतो, खेकडा पावसात बाहेर येतो, देवगांडूळ पावसात वर सरकतं, सड्यावरची रोपं पावसात उगवतात आणि दसऱ्याच्या आत आटोपतात. फेब्रुवारीत सड्यावर जाऊन 'विशेष जीवसृष्टी आढळली नाही' असं लिहिणं म्हणजे भर दुपारी देवळात जाऊन काकड आरतीला कुणी येत नाही असं लिहिण्यासारखं आहे. लिहिणारा खोटं बोलत नसतो. त्याला पाठवलंच चुकीच्या वेळी जातं.

या एका अटीमुळे किती जीव कागदावर यायचे राहतात याचा विचार केला की अस्वस्थ व्हायला होतं. आंबोलीचंच उदाहरण घ्या. तिथल्या जांभ्यावर एक छोटा भेक राहतो, अंगावर वाघासारखे पिवळसर पट्टे असलेला. २००९ मध्ये त्याला झँथोफ्राइन टायग्रीना हे नाव मिळालं. पहिल्या पावसाबरोबर तो कातळावरच्या उथळ डबक्यांत अंडी घालतो. डबकं आटायच्या आत पिल्लांनी बेडूक व्हायचं, सगळा खेळ काही दिवसांचा. त्याचं जगातलं घर आंबोलीच्या परिसरापुरतं आहे आणि लाल यादीत तो 'अतिसंकटग्रस्त' आहे. एका जूनमध्ये मी आंबोलीच्या रस्त्याने रात्री चालत गेलो होतो. दोनशे पावलांत चिरडलेले बेडूक मोजायला सुरुवात केली आणि मध्येच मोजणं सोडून दिलं. त्यात पट्टेवाला कुठला आणि साधा कुठला, हे ओळखण्याच्या पलीकडे गेलं होतं. धबधबा बघायला निघालेल्या गाड्यांना दोष तरी कसा द्यायचा? या रस्त्यावर या आठवड्यात सावकाश जा, असं सांगणारी पाटीसुद्धा मला त्या रात्री दिसली नाही.

याच आंबोलीत उलट उदाहरणही आहे आणि ते मला फार आशादायक वाटतं. हिरण्यकेशी नदी जिथे उगम पावते तिथे गुहेशी महादेवाचं देऊळ आहे. तिथल्या पाण्यात राहणाऱ्या बोटाएवढ्या माशाला २०२० मध्ये शिस्टुरा हिरण्यकेशी असं नाव मिळालं, आणि २०२१ मध्ये राज्य सरकारने तिथलं २.११ हेक्टर क्षेत्र जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं. नाव मिळाल्यापासून संरक्षणापर्यंत जेमतेम काही महिने. कायदा होताच, २००२ चा जैवविविधता कायदा. तो वापरायचं मनात आणलं तर किती लवकर काम होतं, ते इथे दिसलं. मग असाच वेग पट्टेवाल्या भेकाच्या कातळाला का मिळू नये? देवळाचं पाणी जपायचं म्हटलं की कुणी हरकत घेत नाही. कातळ जपायचा म्हटलं की 'पोटखराब' हा शब्द आडवा येतो.

'सड्यावर काय ठेवलंय?' असं विचारणाऱ्यांत आमचे काकाही आहेत, आणि त्यांच्या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय हा लेख पुढे न्यायचा मला हक्क नाही. कातळात सुरुंग लावून खड्डे काढायचे, खालून माती आणून भरायची आणि हापूसची कलमं लावायची, हे कोकणात सर्रास चालतं. त्यात चूक काही नाही, पोट त्यावर चालतं. कुणी चिरेखाणीला जमीन देतो, मुलीचं लग्न पार पडतं. काका मला म्हणाले, "तुझ्या बेडकाने माझं वीजबिल भरलं तर राहू दे सगळं तसंच." यावर त्यांना निसर्गाचं महत्त्व ऐकवणं हा उद्धटपणा झाला असता. ज्याच्या जमिनीवर जगात दुसरीकडे कुठेही नसलेला जीव राहतो, त्याला त्या जमिनीचा मोबदला मिळायला हवा. दरवर्षी, हेक्टरी, थेट खात्यात. 'पोटखराब' ऐवजी सातबाऱ्यावर वेगळा शेरा हवा, आणि त्या शेऱ्यामागे पैसा हवा. एवढं केलं नाही तर संरक्षणाचा सगळा भार गरिबाच्या पाठीवर आणि कौतुक शहराच्या पदरात, असं होतं.

काही शिकलेली माणसं वेगळा आक्षेप घेतात. पालींच्या आणि खेकड्यांच्या जाती वेगळ्या काढत बसण्यात काय हशील? एक काय, दहा काय, पाल ती पाल. हा आक्षेप मला काकांच्या प्रश्नापेक्षा जास्त खटकतो. सह्याद्रीतल्या गोड्या पाण्यातल्या खेकड्यांचा घाटियाना हा नवा वंश, म्हणजे जवळच्या जातींचा गट, २०१४ मध्ये नोंदला गेला आणि तेव्हापासून त्यात भर पडतेच आहे. यातल्या काही जाती एखाद्या डोंगरापुरत्या आहेत. सगळे मिळून 'खेकडे' असं धरलं तर एक डोंगर फोडल्याने काही बिघडत नाही, खेकडे शेजारच्या डोंगरावर आहेतच. पण त्या डोंगरावरचा खेकडा वेगळा आहे हे कळलं की डोंगर फोडणं म्हणजे एका जातीचा निर्वंश करणं, हेही कळतं. भेद कळल्याशिवाय नुकसान मोजताच येत नाही.

आणि हे भेद ओळखणारी माणसं आपण तयार करत नाही. वर्गीकरण शिकलेल्या मुलाला नोकरी कुठे आहे? महाविद्यालयांतून प्राण्यांचे नमुने धूळ खात पडलेत, बाटल्यांतलं द्रव्य उडून गेलंय, चिठ्ठ्यांवरची शाई पुसट झाली आहे. रानपिंगळ्याची गोष्ट आठवा. शंभर वर्षांपूर्वीच्या भरलेल्या पक्ष्यांवरून आणि त्यांच्या चिठ्ठ्यांवरून तो सापडला. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीसारख्या संस्थांनी असे संग्रह सांभाळले, हे आपलं भाग्य. पण १८८३ मध्ये सुरू झालेल्या त्या परंपरेला आज जिल्ह्याजिल्ह्यात हात हवेत. प्रत्येक जिल्ह्यात एका महाविद्यालयात एक संग्रह, एक पगारी माणूस आणि पावसाळ्यात फिरायला एक गाडी. एखाद्या उड्डाणपुलाच्या खर्चापुढे हे काहीच नाही.

नाव मिळालं की सगळं झालं, असा माझा भाबडा समज नाही. व्हिएतनाममध्ये १९९२ मध्ये वू क्वांगच्या जंगलाजवळच्या गावांत अभ्यासकांना शिकाऱ्यांच्या घरी अनोळखी लांब शिंगं दिसली. त्यावरून साओला हा गाईच्या कुळातला मोठा प्राणी जगाला कळला. विसाव्या शतकाच्या शेवटी एवढं मोठं जनावर 'नवं' निघावं, याचं जगाला केवढं आश्चर्य! गावकऱ्यांना मात्र त्यात नवल नव्हतं, साओला हे नावही त्यांचंच, शिंगं चरख्याच्या खांबांसारखी म्हणून. पण जंगलात पसरलेले तारेचे फास कुणी थांबवू शकलं नाही. स्वयंचलित कॅमेऱ्यात त्याचं खात्रीचं चित्र शेवटचं मिळालं ते २०१३ मध्ये. इंडोनेशियातल्या रोते बेटावरच्या लांब मानेच्या कासवाची कहाणी याहून वाईट. १९९४ मध्ये त्याला वेगळी जात म्हणून नाव मिळालं आणि ते नाव पाळीव प्राण्यांच्या बाजाराने आधी वाचलं. दुर्मीळ म्हणून किंमत चढली, कासवं उचलली गेली, जंगलात औषधालाही उरली नाहीत. म्हणून ज्या जिवांना बाजारात गिऱ्हाईक आहे, त्यांचा नेमका पत्ता शोधनिबंधात छापू नये, असं मला वाटतं. वनखात्याला आणि गावाला कळवावा, जगाला जिल्हा सांगितला तरी पुरे.

गावाला कळवावा, हे मी मुद्दाम म्हणतो. पुण्यातल्या आयसर या विज्ञान संस्थेचे खगोलशास्त्रज्ञ रमणा अथ्रेय यांनी अरुणाचलच्या ईगलनेस्ट अभयारण्यात एक पक्षी १९९५ मध्ये पाहिला होता. २००६ मध्ये त्यांनी त्याला जगापुढे आणलं. जेमतेम चौदा पक्षी दिसले होते, त्यातला एक मारून संग्रहालयात ठेवणं त्यांच्या मनाला पटलं नाही. जाळ्यात आलेल्या पक्ष्याची पिसं आणि छायाचित्रं घेतली आणि त्याला सोडून दिलं. नाव दिलं तिथल्या बुगुन लोकांचं, बुगुन लिओसिक्ला. २०१७ मध्ये त्याच बुगुन लोकांनी आपल्या सामूहिक जंगलातलं सतरा चौरस किलोमीटर राखीव केलं. पक्ष्याला आपलं नाव मिळालं की पक्षी आपला होतो. खेकड्याच्या बाबतीत हीच पद्धत चालणार नाही, तिथे नमुना ठेवावाच लागतो, पण नावाबाबत आपण नक्की शिकू शकतो. कोकणातल्या जिवांना कुठल्या दूरच्या प्राध्यापकाचं नाव द्यायच्या आधी वाडीचं, सड्याचं, ओढ्याचं नाव सुचायला काय हरकत आहे?

यासाठी कायद्याने एक वही आधीच दिलेली आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीत लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली तेव्हा देशभर या वह्या घाईघाईने भरल्या गेल्या. आमच्या भागातल्या एका पंचायतीची वही मी पाहिली. आंबा, काजू, फणस, म्हैस, गावठी कोंबडी, सगळं नीट लिहिलंय. सड्याचं एक पान आहे, त्यावर फक्त मथळा.

यंदा ते पान भरायचं ठरलंय. शाळेतली सात-आठ मुलं, दोन शिक्षक, आणि देवगांडुळं ओळखणारी एक अभ्यासक मुलगी, जी पावसाचा जोर पाहून एसटीने येणार आहे. आवाज मोबाइलवर टिपायचे, डबकी मोजायची, चिरे उचलायचे आणि होते तसे परत ठेवायचे. काकांनी कलमांसाठी सुरुंगवाल्याला बयाणा दिला होता. परवा फोनवर म्हणाले, त्याला मृग होऊन जाईपर्यंत थांब म्हणून सांगितलंय.